साडेपाच म्हणजे नक्की किती? जुन्या खुनांच्या साक्षी घड्याळावर मांडताना

तारीख ८ सप्टेंबर १८८८, शनिवार. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घराच्या परसात सकाळी सहाच्या सुमारास एका बाईचा मृतदेह सापडला. तिचं नाव अ‍ॅनी चॅपमन. साडेसहाला डॉक्टर आले आणि त्यांच्या मते मृत्यू होऊन किमान दोन तास झाले होते, म्हणजे साडेचार किंवा त्याआधी. पण एक माणूस म्हणाला, पावणेपाचला मी त्याच परसाच्या पायरीवर बसलो होतो, तिथे कुणी नव्हतं. शेजारच्या घरातला सुतार म्हणाला, पाच-वीसनंतर कुंपणापलीकडे काहीतरी आदळल्याचा आवाज आला. आणि बाजाराला निघालेली एक बाई म्हणाली, साडेपाचला मी तिला रस्त्यावर जिवंत पाहिलं.

चौघेही शपथेवर बोलले. चौघेही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

व्हाइटचॅपलच्या या खुनांकडे, म्हणजे ‘जॅक द रिपर’च्या नावावर मांडल्या जाणाऱ्या १८८८ मधल्या पाच खुनांकडे, वळणारा जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस ‘खुनी कोण’ या प्रश्नापासून सुरुवात करतो. संशयितांच्या याद्या वाचतो, एक नाव मनात धरतो आणि मग साक्षी त्या नावाच्या मापाने कापू लागतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात ‘कधी’पासून करा. वेळ नीट मांडता आली तर खुनी सापडेल असं नाही. पण कोणता दावा पुराव्यावर उभा आहे आणि कोणता हवेत, हे तुमचं तुम्हाला कळायला लागेल. त्यासाठी एक वही, एक जुना नकाशा आणि भरपूर सबुरी लागते.

एकच सकाळ निवडा

पाचही खून एकदम हातात घेऊ नका. मी शिकणाऱ्याला नेहमी हॅनबरी स्ट्रीटच सुचवते. जागा बंदिस्त आहे, मुख्य साक्षीदार मोजके आहेत आणि विरोधाभास डोळ्यांत भरणारा आहे. एलिझाबेथ स्ट्राइडच्या खुनाची बर्नर स्ट्रीटवरची रात्र पहिल्यांदा नकोच. तिथे शेजारी क्लब होता, दारात उभे राहणारे शेजारी होते, रस्त्यावर जोडपी होती. आणि सगळ्यात महत्त्वाची वाटणारी इझ्रायल श्वार्ट्झ या साक्षीदाराची हकिगत फक्त पोलिसांच्या कागदांतून आणि वर्तमानपत्रातून येते. चौकशीत त्याची साक्ष झालीच नाही. त्या गुंत्यात शिरायला आधी हात बसलेला बरा.

मूळ शब्दांपर्यंत जा

संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर ज्युरी बसवून जाहीर चौकशी करायचा. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना शब्द ओळखीचा असेल. अ‍ॅनी चॅपमनची चौकशी व्हाइटचॅपल रोडवरच्या वर्किंग लॅड्ज इन्स्टिट्यूटमध्ये वीन बॅक्स्टर या कॉरोनरपुढे झाली; १० सप्टेंबरला सुरू होऊन २६ सप्टेंबरला संपली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. याच पाच खुनांतल्या कॅथरिन एडोज आणि मेरी केली यांच्या चौकशीचे मूळ हस्तलिखित जबाब आज उपलब्ध आहेत. अ‍ॅनीच्या चौकशीचे नाहीत. तिच्या बाबतीत आपल्या हाती आहेत ते वर्तमानपत्रांचे वृत्तान्त आणि लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले पोलीस व गृहखात्याचे कागद. म्हणजे तुम्ही ‘साक्ष’ म्हणून जे वाचता ते बातमीदाराने भराभर लिहून घेतलेलं आणि संपादकाने जागेनुसार छाटलेलं असतं. म्हणून एकाच साक्षीचे निदान तीन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘डेली टेलिग्राफ’ सविस्तर देतो, ‘टाइम्स’ आटोपशीर. जिथे शब्द जुळत नाहीत तिथे खूण करा. न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आणि वेल्सचं ‘वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन’ ही जुन्या वर्तमानपत्रांची दोन्ही ऑनलाइन भांडारं फुकट आहेत आणि लंडनच्या बातम्या त्यांत भरपूर सापडतात.

नावं शोधताना सावध राहा. अ‍ॅल्बर्ट कॅडॉश या सुताराचं आडनाव निरनिराळ्या वर्तमानपत्रांत निरनिराळ्या स्पेलिंगने छापलं गेलं. नावाने काही मिळालं नाही तर पत्त्याने शोधा.

तक्ता आखा, आणि ‘कशावरून’चा रकाना सगळ्यात रुंद ठेवा

बहुतेक जण तीन रकाने आखतात: वेळ, साक्षीदार, काय पाहिलं. एवढ्यावर भागत नाही. माझ्या वहीत आणखी तीन असतात: ही वेळ त्याला कशावरून कळली, त्याने हे कुणाला सांगितलं आणि घटनेनंतर किती दिवसांनी सांगितलं.

‘कशावरून’ हा रकाना भरायला लागलात की साक्षी आपोआप वेगळ्या दिसू लागतात. कारण १८८८ मध्ये ईस्ट एंडमधल्या मजुराच्या खिशात घड्याळ असेलच असं नव्हतं. त्याची वेळ चर्चच्या आणि कारखान्याच्या टोलांवर चालायची. १८८० च्या कायद्याने ग्रिनिच वेळ ब्रिटनभर अधिकृत झाली होती, म्हणून कागदावर सगळं लंडन एकाच वेळेवर होतं. पण कायदा झाला म्हणून चर्चचं घड्याळ आणि दारूच्या भट्टीचं घड्याळ एकाच क्षणी टोल देत नाहीत. दोन-तीन मिनिटांचा फरक गृहीतच धरायला हवा, आणि आपलं सगळं कोडं तर पाच-दहा मिनिटांचंच आहे.

मी वेळांचे तीन प्रकार करते. पहिला, टोलाची वेळ: साक्षीदाराने त्या क्षणी घड्याळ पाहिलं किंवा टोल ऐकला. दुसरा, हिशेबाची वेळ: ‘मी अमुक वाजता उठलो, मग हे केलं, म्हणजे तेव्हा इतके वाजले असतील.’ तिसरा, अंदाजाची वेळ. तक्त्यात तिन्हींना वेगळे रंग द्या.

अंदाजाची वेळ किती फसवते याचं उत्तम उदाहरण आठच दिवस आधीचं, बक्स रो या रस्त्यावरचं आहे. मेरी अ‍ॅन निकोल्सच्या मृतदेहाजवळ ३१ ऑगस्टला पहाटे आधी चार्ल्स क्रॉस आणि मग रॉबर्ट पॉल हे दोन कामगार आले. ते दोघे पुढे जाऊन मायझन नावाच्या शिपायाला भेटले. मधल्या वेळात नील हा दुसरा शिपाई गस्त घालत मृतदेहापाशी पोचला. पॉल म्हणतो, मी घरून निघालो तेव्हा पावणेचार होत आले होते. नील म्हणतो, मला पावणेचारला मृतदेह दिसला. मायझन म्हणतो, पावणेचारला दोन माणसं मला भेटली. एकामागून एक घडलेल्या तीन गोष्टी, आणि तिघांचेही पावणेचार! यात कुणी खोटं बोलत असलंच पाहिजे असं नाही. सवा, साडे, पावणे हा पाव तासाचा हिशेब आपल्याही जिभेवर आहेच. ‘पावणेचारला’ म्हणताना आपणही तीन-चाळीस ते तीन-पन्नास एवढा पैस मनात धरतो. तिथे तर चर्चची घड्याळंच पाव तासाने वाजायची.

म्हणून वेळ कधीही एका आकड्याने लिहू नका. ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन आकड्यांनी लिहा. आणि जिथे क्रम पक्का आहे पण वेळ कच्ची, तिथे क्रमावर भरवसा ठेवा.

आता कॅडॉशची साक्ष उलटी मोजा

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळ्या साक्षींना हीच पद्धत लागू पडते.

कॅडॉश २७ नंबरच्या घरात राहायचा. त्याच्या आणि २९ नंबरच्या परसामध्ये साधारण साडेपाच फूट उंचीचं लाकडी कुंपण होतं. तो सांगतो की सव्वापाचला उठलो आणि पाच-वीसच्या सुमारास परसात गेलो. परतताना जवळूनच ‘नाही’ असा एक शब्द ऐकू आला. घरात गेलो, तीन-चार मिनिटांनी पुन्हा परसात आलो, तेव्हा कुंपणावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्याने पलीकडे डोकावून पाहिलं नाही. मग तो कामाला निघाला आणि स्पिटलफील्ड्स चर्चपाशी आला तेव्हा पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

यातली सव्वापाच आणि पाच-वीस या हिशेबाच्या वेळा आहेत. पाच-बत्तीस ही मात्र चर्चच्या घड्याळाची आहे. म्हणजे खुंटी तिथे ठोकायची आणि मागे मोजत यायचं. नकाशावर २७ नंबरपासून चर्चपर्यंतची वाट दोरा ठेवून मोजा. जेमतेम तीन-चार मिनिटांची चाल निघते. म्हणजे तो घरातून पाच-अठ्ठावीसच्या आसपास निघाला. आवाज त्याच्या थोडाच आधी, साधारण पाच-चोवीस ते पाच-अठ्ठावीसच्या दरम्यान. ‘नाही’ हा शब्द त्याच्याही तीन-चार मिनिटं आधी.

आता एलिझाबेथ लाँग घ्या, म्हणजे बाजाराला निघालेली ती बाई. ती ब्रिक लेनकडून हॅनबरी स्ट्रीटवर आली तेव्हा ब्लॅक ईगल ब्रुअरी या बिअरच्या कारखान्याच्या घड्याळाने साडेपाचचा टोल दिला होता. २९ नंबरजवळ तिला एक पुरुष आणि एक बाई बोलत उभे दिसले. पुरुषाची तिच्याकडे पाठ होती, बाईचा चेहरा मात्र तिने पाहिला. ‘येतेस का?’ अशा अर्थाचं तो काही म्हणाला, बाई ‘हो’ म्हणाली. पुढे शवागारात तिने अ‍ॅनीला ओळखलं. तिची वेळ टोलाची आहे, म्हणजे आपल्या वर्गवारीत पहिल्या प्रतीची.

दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या की कोंडी दिसते. कॅडॉशने ऐकलेला आवाज अ‍ॅनी पडल्याचा असेल, तर लाँगने साडेपाचनंतर पाहिलेली बाई अ‍ॅनी नव्हे. लाँगने पाहिलेली अ‍ॅनीच असेल, तर कुंपणावर आदळलं ते दुसरंच काहीतरी.

इथेच नवख्याचा हात शिवशिवतो. ‘लाँगने सव्वापाचचा टोल ऐकला असेल’ असं म्हणून तिला पंधरा मिनिटं मागे सरकवलं की सगळं कसं छान जुळतं. खुद्द कॉरोनर बॅक्स्टरनेही समारोपात अशीच वाट काढली, फक्त त्याने कॅडॉशला सरकवलं: त्याचा हिशेब पाव तासाने चुकला असेल तर विसंगती उरत नाही. पण चर्चचं घड्याळ त्या खुंटीसारखं मध्ये उभं आहे, ते कुठे सरकवणार? साक्षीदार हलवायचा असेल तर त्याच्याच साक्षीत कारण सापडलं पाहिजे. आपली कथा जुळते हे कारण नव्हे.

उजेड आणि दरवाजा

पायरीवर बसलेल्या माणसाची, म्हणजे जॉन रिचर्डसनची साक्ष वेळेपेक्षा जागेवर उभी आहे. त्याची आई त्या घरात राहायची. तळघराचं कुलूप पूर्वी एकदा फोडलं गेलं होतं, म्हणून बाजाराच्या दिवशी तो पहाटे येऊन ते पाहून जायचा. त्या दिवशी तो पावणेपाच ते चार-पन्नासच्या दरम्यान आला. बूट टोचत होता, म्हणून परसाच्या पायरीवर बसून त्याने त्यातला चामड्याचा तुकडा कापायला घेतला. मृतदेह नंतर सापडला तो पायऱ्या आणि कुंपण यांच्यामध्ये, म्हणजे त्याच्या हाताच्या अंतरावर.

पहिला प्रश्न, उजेड होता का? यासाठी सूर्योदयाची वेळ काढा, आणि इथे एक सापळा आहे. लंडनच्या ८ सप्टेंबरची सूर्योदयाची वेळ आज शोधलीत तर सहा-चोवीसच्या आसपास दिसेल. ती उन्हाळी वेळ झाली. घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९१६ मध्ये आली. १८८८ साठी तो तास वजा करा. म्हणजे सूर्योदय साडेपाचच्या थोडासा आधी. रिचर्डसन आला तो त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, फटफटायला लागलं होतं तेव्हा. उजाडत होतं आणि सगळं दिसत होतं असं तो स्वतःही म्हणतो.

दुसरा प्रश्न, दार. परसाचं दार बाहेरच्या बाजूला, डावीकडे उघडायचं, आणि मृतदेह डावीकडेच होता. तो फक्त दारात उभा राहून वाकला असता, तर उघड्या दाराने ती बाजू झाकली असती. पायरीवर बसला असेल तर झाकली जाणं फार कठीण. म्हणून तो बसला की नाही, यावर सगळं येऊन ठेपतं.

आता ‘कुणाला सांगितलं’ हा रकाना कामाला येतो. इन्स्पेक्टर जोसेफ चँडलरने चौकशीत सांगितलं की त्या सकाळी रिचर्डसन आपल्याशी बोलला, तेव्हा पायरीवर बसून बूट कापल्याचा उल्लेख त्याने केला नव्हता. चार दिवसांनी शपथेवर मात्र तो आला. पुढे तो असंही म्हणाला की जवळच्या सुरीने काम भागलं नाही, बाजारात दुसरी मागून घेतली. हे सगळं जसंच्या तसं टिपा, दोन्ही तारखांसह. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तो बसला होता आणि मृतदेह तेव्हा तिथे नव्हता. पण तुमच्या तक्त्यात माझं मत नको. चँडलरचं वाक्य हवं.

हे घर आज नाही. ब्रुअरीच्या इमारतीने ती जागा व्यापली आहे. त्यामुळे परसाचा आराखडा साक्षींतून कागदावर स्वतः काढा. रस्त्यांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-खात्याचे जुने नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. १८९० च्या दशकातल्या लंडनच्या मोठ्या मापाच्या नकाशांवर एकेक घर दिसतं.

डॉक्टरचं म्हणणं: पूर्ण वाक्य वाचा

डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स अनुभवी पोलीस सर्जन होते. ‘किमान दोन तास, बहुधा जास्त’ एवढंच उचललं जातं, पण त्यांच्या वाक्याला पुढचा भाग आहे: सकाळ गार होती आणि खूप रक्त गेल्यामुळे शरीर लवकर थंड पडलं असण्याची शक्यता आहे. त्या काळी अशा जागी मृत्यूची वेळ ठरवायची ती मुख्यतः हाताला लागणाऱ्या उबेवरून आणि अवयवांच्या ताठरपणावरून. दोन्ही गोष्टी थंडी, रक्तस्राव, आजार, अंगावरचे कपडे यांनी बदलतात, आणि अ‍ॅनी तर आधीपासूनच आजारी होती. आजही केवळ एवढ्या खुणांवरून कुणी मिनिटांच्या हिशेबाने वेळ सांगणार नाही.

पोलिसांतही यावर एकमत नव्हतं. चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सनच्या १९ ऑक्टोबरच्या अहवालात म्हटलंय की डॉक्टरांचं बरोबर असेल तर लाँगच्या साक्षीकडे संशयाने पाहावं लागेल. कॉरोनरने उलट बाजू घेतली होती. म्हणजे तेव्हाच्या जाणकारांनाही हा गुंता दिसत होता. डॉक्टरांची वेळ तक्त्यात टाकताना तिचा पट्टा रुंद काढा, साडेतीनपासून साडेपाचपर्यंत गेला तरी चालेल, आणि कडेला त्यांचं सबंध वाक्य लिहा.

प्रत्येक उत्तराची किंमत लिहा

आता मागच्या पानावर सगळ्या शक्यता मांडा. अ‍ॅनी साडेचारच्या आधी मेली असं मानायचं, तर किंमत काय? रिचर्डसनला शेजारचा मृतदेह दिसला नाही, कॅडॉशने ऐकलेले दोन्ही आवाज असंबद्ध होते आणि लाँगने दुसऱ्याच बाईला ओळखलं, हे तिन्ही मानावं लागतं. पाच-पंचविसाला मेली असं मानलं तर डॉक्टरांचा अंदाज तासाभराने चुकला आणि लाँगची ओळख चुकली. साडेपाचनंतर मेली तर डॉक्टर चुकले आणि कॅडॉशचा आवाज भलताच होता. मला दुसरी शक्यता सगळ्यात स्वस्त वाटते. अनोळखी चेहरा काही क्षण पाहून नंतर शवागारात ओळखणं ही फार नाजूक गोष्ट आहे, आणि लाँगची शपथेवरची साक्ष तर ११ दिवसांनी झाली.

ओळखीच्या माणसाचीही चूक होते. मेरी केलीच्या वेळी कॅरोलाइन मॅक्सवेलने शपथेवर सांगितलं की सकाळी आठ-साडेआठला मी तिच्याशी बोलले. डॉक्टरांच्या मते ती तेव्हा कित्येक तास आधीच मेलेली होती. कॉरोनरने बाईंना बजावून पाहिलं, त्या हलल्या नाहीत. अशा साक्षीला वेडगळ म्हणून खोडू नका. तक्त्यात ठेवा आणि तिचीही किंमत लिहा.

हात बसला की माइटर स्क्वेअर घ्या. ३० सप्टेंबर लागल्यावर, मध्यरात्रीनंतर, कॅथरिन एडोजला बिशप्सगेटच्या पोलीस ठाण्यातून एकच्या सुमारास सोडलं. वॉटकिन्स हा शिपाई दीडला चौकातून गेला तेव्हा तिथे काही नव्हतं, आणि पावणेदोनला पुन्हा आला तेव्हा ती मेलेली होती. त्याची फेरी बारा-चौदा मिनिटांची, म्हणजे गस्तच घड्याळ झाली. मध्ये जवळच्या एका क्लबमधून निघालेल्या जोसेफ लॉवेंडेने एक-पस्तीसला जोडपं पाहिलं. क्लबमधून निघण्याआधी त्याने क्लबचं आणि स्वतःचं घड्याळ पाहिलं होतं. हार्वी हा दुसरा शिपाई एक-चाळीसनंतर चौकात उघडणाऱ्या चर्च पॅसेज या बोळाच्या टोकापर्यंत येऊन परत फिरला. तिथे तुमचे पट्टे दोन-तीन मिनिटांचे निघतील. हॅनबरी स्ट्रीटनंतर ते करताना बरं वाटतं.

पण आधी अ‍ॅनीच्या तक्त्याची पहिली ओळ भरायची राहिली आहे. ती ओळ पायरीची किंवा कुंपणाची नव्हे. रात्री पावणेदोनच्या सुमारास डॉर्सेट स्ट्रीटवरच्या ३५ नंबरच्या लॉजमधून तिला बाहेर जावं लागलं, कारण बिछान्याचे आठ पेन्स तिच्याकडे नव्हते. जागा दुसऱ्याला देऊ नका, मी येतेच, असं सांगून ती गेली. पहारेकरी जॉन इव्हान्सने तिला लिटल पॅटर्नॉस्टर रोकडे वळताना पाहिलं. तिथून पहाटेपर्यंत तिला पाहिल्याचं शपथेवर सांगणारं कुणी नाही. त्या जवळजवळ पावणेचार तासांसाठी तक्त्यात पूर्ण उंचीची जागा सोडा, आणि ती कोरीच ठेवा.